अपील करायचे तर दिवस मोजा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आपल्याकडे आहे. म्हण खरीच. पण पायरी चढावी लागली, दावा चालला आणि निकाल आपल्या विरुद्ध गेला, तर मग काय करायचे? हात जोडून घरी बसायचे? कायदा तसे म्हणत नाही. खालच्या कोर्टाचा निकाल चुकीचा वाटला, तर वरच्या कोर्टाकडे दाद मागता येते. त्या दाद मागण्याला अपील म्हणतात.

अपील हा हक्क आहे. पण या हक्काला मुदत आहे. आंबा पाडाला आला म्हणजे उतरवावा लागतो. चार दिवस उशीर झाला, तर तो सडतो. अपिलाचेही तसेच आहे. मुदतीत केले तर फळ, नाहीतर नुसता पस्तावा. खेड्यातल्या पुष्कळ माणसांची जमीन गेली, ती त्यांची बाजू खोटी होती म्हणून नव्हे. दिवस कसे मोजायचे आणि कागद कोणते लागतात हे कोणी सांगितले नाही, म्हणून गेली. अपिलाचे काही नियम अलीकडच्या काळात बदलले आहेत. ते आपण या पाठात समजून घेऊ.

अपील कोठे करतात?

आपल्या तालुक्याच्या गावी दिवाणी कोर्ट असते. तेथील न्यायाधीशांना दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर असे म्हणतात. त्यांच्या निकालावर अपील जिल्हा न्यायालयात होते. त्यांच्या वरच्या पायरीला वरिष्ठ स्तर न्यायाधीश असतात. त्यांच्या निकालावरही बहुतेक अपिले जिल्हा न्यायालयातच जातात. मात्र दाव्याची किंमत ठराविक रकमेहून मोठी असली, तर अपील थेट मुंबई उच्च न्यायालयात करावे लागते.

उच्च न्यायालय म्हणजे मुंबईलाच जावे लागते असे नाही. त्याची खंडपीठे नागपूर, औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, आणि गोव्यात आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही सर्किट बेंच सुरू झाले आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामे तेथे चालतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तहसीलदाराने फेरफाराविषयी किंवा जमीन महसुलाविषयी दिलेल्या हुकुमावरचे अपील निराळे. ते कोर्टात होत नाही, प्रांताधिकाऱ्यांकडे होते. १९६६ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे त्याची मुदत ६० दिवसांची आहे. कोर्टाच्या अपिलाचे दिवस निराळे. दोहोंची गल्लत करू नये.

नियम का बदलले?

दिवाणी दावा कसा चालवायचा, याचा कायदा १९०८ सालचा आहे. त्याला दिवाणी प्रक्रिया संहिता म्हणतात. कायदा चांगला होता, पण दावे संपेनात. आजोबाने दावा लावावा आणि नातवाने निकाल ऐकावा, असे होऊ लागले. म्हणून सरकारने या कायद्यात वेळोवेळी सुधारणा केल्या. एक मोठी सुधारणा १९७६ साली झाली. दुसरी १९९९ साली झाली. वकील मंडळींनी तिला विरोध केला, म्हणून ती लगेच अमलात आली नाही. २००२ साली तिच्यात आणखी फेरफार झाले आणि १ जुलै २००२ पासून दोन्ही मिळून लागू झाल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने २००२ आणि २००५ साली निकाल देऊन या सुधारणा कायम ठेवल्या आणि त्यांचा अर्थ समजावून सांगितला.

या सर्व बदलांचा हेतू एकच. कागदापायी काम अडू नये आणि कोणी उगाच वेळ काढू नये.

पहिला बदल: निकालपत्राची नक्कल पुरते

आधी दोन शब्द समजून घेऊ. न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकतात आणि आपला निर्णय कारणांसह लिहितात. ते झाले निकालपत्र. त्या निकालावरून कोर्टाची कचेरी एक छोटा कागद तयार करते. कोणी कोणाला काय द्यायचे, जमीन कोणाची, खर्च कोणी सोसायचा, एवढेच त्यात असते. तो झाला हुकूमनामा.

पूर्वी अपिलासोबत हुकूमनाम्याची नक्कल जोडावीच लागे. निकाल होई, पण हुकूमनामा लवकर तयार होत नसे. माणूस कचेरीत हेलपाटे घाली. कारकून म्हणे, "अजून झाला नाही, पुढल्या आठवड्यात या." असे आठवडे जात.

आता कायदा बदलला आहे. अपिलासोबत निकालपत्राची नक्कल जोडली म्हणजे पुरते. हुकूमनामा तयार झाला नसला, तरी अपील दाखल होते. शिवाय कोर्टावरही बंधन घातले आहे. युक्तिवाद संपल्यावर निकाल लगेच द्यावा. तो शक्य नसेल तर ३० दिवसांत द्यावा. फारच अडचण असेल तर ६० दिवसांपर्यंत. निकालानंतर १५ दिवसांत हुकूमनामा तयार करावा. आणि निकाल सांगितल्याबरोबर, ठरलेली फी घेऊन, पक्षकाराला निकालपत्राची नक्कल मिळण्याची सोय करावी.

यात आपला फायदा आहे. पण त्यातच एक धोकाही लपला आहे. आम्ही शाळेतून निवृत्त झाल्यापासून गावची माणसे आमच्याकडे कागद वाचून घ्यायला येतात. एकदा एक शेतकरी असाच आला. बांधाचा दावा तो हरला होता. निकाल होऊन चार महिने झाले होते. "अपील केले का?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, कोर्टाचा कागद घरी येईल, मग करू म्हटलं." कागद घरी येत नसतो. कोर्ट निकाल सांगते. नक्कल आपण मागायची असते. तो चार महिने वाट पाहत बसला, आणि तिकडे शेजाऱ्याने जमिनीचा ताबा मागण्यासाठी कोर्टात दरखास्त लावली. बैल गेला नि झोपा केला, अशी गत झाली.

म्हणून पहिला धडा हा. हुकूमनाम्याची वाट पाहू नका. निकालाच्या दिवशीच, निदान दुसऱ्या दिवशी, नक्कलेचा अर्ज करा. हुकूमनाम्याची नक्कलही पुढे घेऊन ठेवावी, ती उपयोगी पडते. पण तिच्यासाठी अडून बसू नये.

मुदत किती आणि ती कशी मोजावी?

अपिलाची मुदत १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात सांगितली आहे. दिवाणी दाव्याचे अपील जिल्हा न्यायालयात करायचे असेल तर ३० दिवस. उच्च न्यायालयात करायचे असेल तर ९० दिवस.

दिवस मोजताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

एक. ज्या दिवशी निकाल झाला तो दिवस धरायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून मोजायचे.

दोन. नक्कल मिळवण्यासाठी जे दिवस लागले, ते मुदतीतून वगळायचे. म्हणजे तेवढे दिवस आपल्याला जादा मिळतात.

तीन. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असली, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अपील दाखल केले तरी चालते.

आता हिशेब करून पाहू. समजा, दोन भाऊ आहेत, थोरला आणि धाकटा. दोघांचे दावे निराळे. दोघेही हरले. दोघांचा निकाल १ ऑगस्टला झाला. अपील जिल्हा न्यायालयात करायचे आहे. २ ऑगस्टपासून ३० दिवस मोजले म्हणजे ३१ ऑगस्ट हा शेवटचा दिवस येतो.

थोरल्याने ६ ऑगस्टला नक्कलेचा अर्ज केला. नक्कल १६ ऑगस्टला तयार झाली. ६ पासून १६ पर्यंत दोन्ही दिवस धरून ११ दिवस झाले. हे ११ दिवस ३१ ऑगस्टच्या पुढे मिळवा. शेवटचा दिवस ११ सप्टेंबर झाला. नक्कल हातात आल्यावर थोरल्यापाशी २६ दिवस उरले. वकील पाहणे, पैशाची जुळवाजुळव करणे, कागद गोळा करणे, सारे निवांत झाले.

धाकट्याने २८ ऑगस्टला अर्ज केला. नक्कल ७ सप्टेंबरला तयार झाली. याचेही ११ दिवसच झाले. याचाही शेवटचा दिवस ११ सप्टेंबरच. पण नक्कल हाती आल्यावर याच्यापाशी फक्त ४ दिवस उरले. चार दिवसांत धावपळ किती करणार?

आणि समजा, धाकट्याने अर्ज २ सप्टेंबरला केला असता तर? तर ३० दिवस आधीच संपले असते. मुदत संपल्यावर अर्ज केला, तर नक्कलेचे दिवस वगळून काही उपयोग नाही. संपलेली मुदत नक्कलेने पुन्हा सुरू होत नाही.

कोणी म्हणेल, "हुकूमनामा तयार व्हायला कोर्टानेच दिवस लावले, ते तर वगळाल?" याचेही उत्तर कायद्यात आहे. नक्कलेचा अर्ज करण्यापूर्वी हुकूमनामा तयार होण्यात जो वेळ गेला, तो वगळला जात नाही. म्हणजे अर्ज केल्याशिवाय आपल्या खात्यावर एकही दिवस जमा होत नाही.

नक्कलेवरच्या तीन तारखा

कोर्टाकडून मिळते ती सही-शिक्क्याची नक्कल. तिच्यावर, बहुधा शेवटच्या पानावर किंवा पाठीमागे, तारखा लिहिलेल्या असतात. त्यातल्या तीन महत्त्वाच्या. नक्कलेचा अर्ज केव्हा केला ती एक. नक्कल केव्हा तयार झाली ती दुसरी. नक्कल केव्हा दिली ती तिसरी.

पहिल्या दोन तारखांवरून वगळायचे दिवस ठरतात. तिसरीवरून नाही. नक्कल तयार होऊन पडली, आणि आपण पेरणी झाल्यावर आणायला गेलो, तर मधले दिवस आपल्या खात्यावर जमा होत नाहीत. ते फुकट गेले.

वाचकहो, तुम्ही आता अक्षर ओळखता, आकडे वाचता. नक्कल हाती आली की आधी ती उलटून या तारखा स्वतः वाचा. बोटांवर दिवस मोजा. घरच्या दिनदर्शिकेवर शेवटच्या दिवसाला खूण करा. वकील मोजतीलच. पण वकिलांपाशी शंभर दावे असतात, आपल्यापाशी एकच असतो.

अपिलासोबत कोणते कागद लागतात?

पहिला कागद अपिलाचा अर्ज. त्याला अपिलाचा मेमो म्हणतात. खालच्या कोर्टाचा निकाल कोणकोणत्या कारणांनी चुकीचा आहे, ती कारणे त्यात एकामागून एक, क्रमांक घालून, थोडक्यात लिहावी लागतात. घरची सगळी हकीकत किंवा भांडणाचा इतिहास त्यात लिहायचा नसतो. त्यावर अपील करणाराची किंवा त्याच्या वकिलाची सही लागते.

दुसरा कागद निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल. दोन-तीन दावे एकत्र चालून एकच निकाल झाला असेल, आणि अपिले निराळी करायची असतील, तर एकाच नक्कलेवर काम भागवण्याची मुभा कोर्ट देऊ शकते.

तिसरा कागद वकीलपत्र. वकिलाला आपल्या वतीने काम करण्याचा अधिकार आपण त्यावर देतो. हा कागद कोरा असताना सही करू नका. भरून घ्या, वाचा, मग सही करा. आता अंगठा उठवण्याचे दिवस गेले.

चौथे म्हणजे कोर्ट फी. दाव्याच्या किंमतीप्रमाणे ती ठरते. भरलेल्या रकमेची पावती मागून जपून ठेवावी.

पैशाच्या हुकूमनाम्यावर अपील असेल, तर आणखी एक गोष्ट लागते. १९७६ च्या सुधारणेप्रमाणे, तंट्यातली रक्कम कोर्ट सांगेल त्या मुदतीत कोर्टात भरावी लागते, किंवा तिच्यासाठी जामीन द्यावा लागतो. नुसते अपील करून सावकाराला लोंबकळत ठेवता येत नाही, आणि सावकारालाही तसे करता येत नाही.

मुदत टळली तर?

माणूस आजारी पडतो. घरात मयत होते. पूर येतो. अशा वेळी मुदत टळली, तर कायद्याने दार अगदी बंद केलेले नाही. उशिराचे पुरेसे कारण दाखवले, तर कोर्ट उशीर माफ करू शकते. त्याला विलंब माफीचा अर्ज म्हणतात.

पूर्वी असे होई की अपील उशिरा दाखल व्हावे, ते तसेच पडून राहावे, आणि ते मुदतीत आहे की नाही हा वाद शेवटी निघावा. १९७६ च्या सुधारणेने हे बंद केले. आता उशिरा केलेल्या अपिलासोबतच माफीचा अर्ज जोडावा लागतो. का उशीर झाला हे शपथेवर लिहून द्यावे लागते. उशीर माफ होऊन अपील ऐकायचे ठरेपर्यंत कोर्ट हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती देत नाही. म्हणजे उशिराची किंमत लगेच मोजावी लागते.

कारण खरे असावे आणि त्याला कागदाचा आधार असावा. दवाखान्यात होता, तर दवाखान्याचा कागद. घरी मृत्यू झाला, तर मृत्यूचा दाखला. "कायदा माहीत नव्हता" हे कारण चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली काश्मीरमधल्या अनंतनागच्या एका जमीन प्रकरणात सांगितले, की उशीर पाहताना कोर्टाने फार ताठर राहू नये, न्याय करण्याकडे दृष्टी ठेवावी. पण म्हणून आळशी माणसाला माफी मिळतेच असे नाही. देणे न देणे कोर्टाच्या हाती.

एकदाच असे झाले, की साऱ्या देशाला सवलत मिळाली. करोनाच्या साथीत कोर्टे बंद पडली, प्रवास बंद झाला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० पासून २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा काळ मुदतीतून वगळला. पण ती साथीच्या काळापुरती गोष्ट. ती सवलत आता संपली आहे. तिच्या भरवशावर कोणी राहू नये.

अपील केले म्हणजे हुकूम थांबला असे नाही

ही फार मोठी गैरसमजूत आहे. "आम्ही अपील केले आहे, आता बेलीफ कसा येतो ते पाहतो," असे म्हणणारे आम्ही पाहिले आहेत. बेलीफ येतो. कारण नुसत्या अपिलाने खालचा हुकूमनामा थांबत नाही.

तो थांबवायचा असेल तर स्थगितीचा निराळा अर्ज करावा लागतो. कोर्ट तीन गोष्टी पाहते. स्थगिती दिली नाही तर या माणसाचे मोठे नुकसान होईल काय? अर्ज वेळेवर केला काय? पुढे अपील हरला, तर हुकूमनामा पाळण्याबद्दल त्याने जामीन दिला काय? तिन्ही पटले म्हणजे स्थगिती मिळते. तिची नक्कल घेऊन ती खालच्या कोर्टाच्या ताबडतोब नजरेस आणावी. स्थगिती मिळाली आणि खिशात राहिली, तर तिचा काय उपयोग?

नवा पुरावा अपिलात सहसा घेत नाहीत

सात-बाराचा उतारा, फेरफार, खरेदीखत, वाटणीपत्र, पावत्या हे सारे कागद खालच्या कोर्टातच द्यावे लागतात. "तेव्हा ट्रंकेत राहिले होते, आता दाखवतो," असे अपिलात चालत नाही. खालच्या कोर्टाने पुरावा घ्यायला हवा होता, पण घेतला नाही. किंवा पुष्कळ शोधूनही तो कागद तेव्हा मिळालाच नाही. किंवा निकाल देण्यासाठी वरच्या कोर्टालाच तो हवासा वाटला. अशा थोड्याच प्रसंगी नवा पुरावा घेतात.

म्हणून अपिलाची तयारी दाव्याच्या पहिल्या दिवसापासून करावी. घरातले कागद एका पिशवीत ठेवावे. कोणता कागद कधी कोर्टात दिला, ते एका वहीत तारीख घालून लिहावे. तुम्हाला लिहिता येऊ लागले, त्याचा हा पहिला उपयोग.

दुसरे अपील आता सोपे नाही

जिल्हा न्यायालयातही हरलो, तर उच्च न्यायालयात दुसरे अपील करता येते. पण १९७६ पासून त्याला मोठी अट आहे. प्रकरणात कायद्याचा काही महत्त्वाचा प्रश्न असला, तरच ते अपील ऐकतात. साक्षीदार खरा बोलला की खोटा, बांध इकडे होता की तिकडे, हे प्रश्न तेथे सहसा पुन्हा निघत नाहीत. शिवाय १ जुलै २००२ पासून, दावा पैशाच्या वसुलीचा आणि रक्कम २५,००० रुपयांच्या आत असली, तर दुसरे अपील मुळीच नाही.

याचा अर्थ काय? आपली खरी लढाई पहिल्या अपिलात. साक्षीपुरावा आणि कायदा दोन्ही तेथे नव्याने तपासले जातात. ती संधी दिवस न मोजल्यामुळे घालवली, तर पुढे तशी संधी नाही.

आणि एक. दोघांच्या संमतीने तडजोडीचा हुकूमनामा झाला, तर त्यावर अपील होत नाही. लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावरही अपील होत नाही. तडजोड चांगलीच. भाऊबंदकी मिटते, खर्च वाचतो, लोकअदालतीत दावा मिटला तर कोर्ट फीही परत मिळते. पण सही करण्यापूर्वी शब्द न् शब्द वाचावा. न समजेल तर विचारावे. लाजू नये.

जिंकलेल्यानेही झोपू नये

दावा जिंकला, पेढे वाटले, संपले असे होत नाही. हरलेला अपील करील आणि आपल्याला न कळवता स्थगिती आणील, अशी भीती असते. त्यासाठी १९७६ पासून एक सोय झाली आहे. वरच्या कोर्टात आधीच एक अर्ज देऊन ठेवता येतो. त्याला कॅव्हेट म्हणतात. "माझे ऐकल्याशिवाय स्थगितीच्या अर्जावर हुकूम करू नये," असा त्याचा अर्थ. तो ९० दिवस चालतो. नंतर जरूर पडल्यास पुन्हा द्यावा लागतो.

पैसे नसतील तर?

गरिबाने अपील करूच नये काय? तसे नाही. १९८७ सालच्या विधी सेवा कायद्याप्रमाणे काही लोकांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. कोर्ट फी आणि नक्कलेचा खर्चही त्यात येतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कामगार, तुरुंगात असलेले, पूर-भूकंप यांसारख्या संकटात सापडलेले आणि ठराविक उत्पन्नाच्या आतले लोक, या सर्वांना हा हक्क आहे. बाईमाणसाला तर उत्पन्नाची अटही नाही. बहिणीला माहेरच्या जमिनीत वाटा हवा असेल, विधवा सुनेला घर हवे असेल, तर तिने पैशासाठी मागे राहू नये.

तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. तेथे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. मात्र ही मदत मागतानाही मुदत चालूच असते. म्हणून अर्ज निकालाच्या दुसऱ्याच दिवशी करावा.

कोर्टातले नवे यंत्र

२००७ पासून देशातल्या कोर्टांचे काम संगणकावर आणण्यास आरंभ झाला. आता प्रत्येक दाव्याला सोळा अक्षरा-आकड्यांचा एक क्रमांक मिळतो. त्याला सी.एन.आर. क्रमांक म्हणतात. महाराष्ट्रातला असेल तर तो एम.एच. या अक्षरांनी सुरू होतो आणि शेवटचे चार आकडे सालाचे असतात. घरातल्या मुलाच्या मोबाईलवर हा क्रमांक घातला, की पुढची तारीख केव्हा आणि निकाल झाला की नाही, हे फुकट कळते. "तारीख विचारायला" म्हणून कोणाला पैसे द्यायची गरज नाही. वकिलांना अपिलाचे कागद संगणकावरून दाखल करण्याचीही सोय आली आहे.

परंतु मोबाईलवर दिसणारे निकालपत्र वाचण्यापुरते. ते छापून घेतले म्हणजे सही-शिक्क्याची नक्कल झाली असे नव्हे. अपिलासाठी नक्कल कोर्टाकडूनच, अर्ज करून घ्यावी लागते.

सार

कायदा बदलला आणि कागद कमी झाला, हे चांगले झाले. पण कागद कमी झाला, तशा सबबीही कमी झाल्या. पूर्वी माणूस म्हणे, हुकूमनामा मिळाला नाही म्हणून थांबलो. आता तसे म्हणता येत नाही. निकाल ऐकला, की त्याच दिवशी चार कामे करावी. निकालाची तारीख वहीत लिहावी. नक्कलेचा अर्ज करावा आणि त्याची पावती घ्यावी. वकिलांना शेवटचा दिवस विचारून तो आपल्या हिशेबाशी ताडून पाहावा. हुकूमनामा थांबवायचा असेल तर स्थगितीचा अर्ज करण्यास सांगावे.

अपील करावेच असे आमचे म्हणणे नाही. निकाल वाचून, घरच्यांशी आणि वकिलाशी बोलून, तो खरा वाटला तर मान्य करावा. त्यात कमीपणा नाही. पण सोडायचे तर समजून सोडावे. दिवस मोजता आले नाहीत म्हणून सुटले, असे होऊ नये.

विचार करा आणि सांगा

१. निकालपत्र आणि हुकूमनामा यांत फरक काय?

२. नक्कलेवरच्या कोणत्या दोन तारखांवरून वगळायचे दिवस ठरतात?

३. निकाल १ ऑक्टोबरला झाला. नक्कलेचा अर्ज ३ ऑक्टोबरला केला. नक्कल ९ ऑक्टोबरला तयार झाली. जिल्हा न्यायालयात अपील करण्याचा शेवटचा दिवस कोणता? वहीत हिशेब करून पाहा.

४. अपील केल्यावर बेलीफ येणार नाही, असे शेजारी म्हणतो. त्याला तुम्ही काय सांगाल?

५. तुमच्या घरी जमिनीचे कोणकोणते कागद आहेत? त्यांची यादी तारखांसह लिहा.